रिकामी आहे ना

इवालोच्या विमानतळावर काउंटर एकच, माझं.
बाहेर उणे एकोणीस. दुपारी दोनलाच अंधार.
आइलानं लांबट पेटी काट्यावर ठेवली,
काडतुसं वेगळी, मूळ खोक्यात,
अंड्यांसारखी आपापल्या खळग्यात बसलेली.

"रिकामी आहे ना?"
हे मला विचारावंच लागतं, ओळखीच्यांनाही.

तिनं बोल्ट काढून दाखवला.
नळीतून पाहिलं मी, एक डोळा मिटून:
पलीकडे छताचा दिवा, वाटाण्याएवढा.

"यंदा मूस मिळालं?"
"ओउला गेला सप्टेंबरात.
त्याच्या वेन्लाला परवाना मिळालाय,
हेलसिंकीला. तिला द्यायला चाललेय."

मी नारिंगी चिठ्ठी चिकटवली.
निघालेली नव्हती, तरी कोपरे पुन्हा दाबले.

पुढे तपासणीत यंत्र अडलं.
अंगात कोट भावाचाच होता, बाह्या दुमडलेल्या.
खिशातून निघालं कुत्र्याचं अर्धं बिस्कीट,
दोरी,
आणि उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी,
तोंडाशी घासून गुळगुळीत.

"हीसुद्धा नेता येत नाही," रीक्का म्हणाली,
आणि हात पुढे करायला विसरली.

आइलानं पुंगळी नाकाशी धरली.
मग खालच्या ओठाला टेकवून फुंकली,
ओउला फुंकायचा तशी,
बर्फावरून लांब गेलेल्या कुत्र्यासाठी.

रांगेतली अकरा माणसं वळली.
कुत्रं कुठलंच आलं नाही.

तिनं ती ट्रेमध्ये ठेवली, किल्ल्या ठेवतात तशी,
आणि बूट काढायला वाकली.
बूट काढा असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.