पदरचं न घालता

शपथ घेताना मी दरवेळी तेच म्हणते:
पदरचं काही घालणार नाही,
ऐकलेलं काही गाळणार नाही.
मग खुर्ची पुढे ओढते
आणि दुसऱ्यांच्या तोंडची होते.

लोवेल, जानेवारी. हीटर खोकतोय.
न्यायाधीशबाईंसमोर आज सत्तावीस फायली,
विरक केओची अकरावी.
विरक स्वतः पडद्यावर, दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगात,
नारिंगी कपड्यांत. ओठ आधी हलतात,
आवाज मागून येतो, लंगडत.
फॉर्मवर त्याची भाषा लिहिलीय: ख्मेर.
खरं तर त्याची ख्मेर स्वयंपाकघराएवढी.
ये, जेव, भात घे, हळू बोल, बाप झोपलाय.
बाकीचं तो इंग्रजीत जगला.
गुन्हासुद्धा.

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.
मित्राच्या गाडीतून उतरला, दारूच्या दुकानात शिरला
आणि सुरा काढला.
गल्ल्यावर फुर्तादो नावाचे गृहस्थ होते.
त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत.
हे मी गाळणार नाही. शपथ आहे.

सहा वर्षं आणि वर चार महिने, शिक्षा भोगून झाली.
मग लोकांची छपरं दुरुस्त केली, दोन मुली झाल्या,
वर्षातून एकदा सरकारी खिडकीवर सही करून यायचा.
यंदा सही झाल्यावर
त्यांनी पेन परत घेतलं
आणि मनगटं मागितली.

सरकारी वकील तरुण आहे, त्याला सर्दी झालीय.
म्हणतो, आदेश जुना, कायदा स्पष्ट,
याला परत पाठवावं.
मी मागच्या बाकाकडे वळून
त्याच्या आईच्या कानाशी तेवढंच सांगते.
सारूनबाई माझा हात धरतात. परत?
परत कसं? तो गेलाच नाही कधी तिथे.
छावणीत जन्मला, थायलंडच्या कुंपणाशी,
पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभी होते, कळा आल्या,
बादली मात्र सोडली नाही.
मी उभी राहून हे सगळं इंग्रजीत म्हणते,
बादलीसकट.
बाई मान हलवतात. हे नोंदीत आहेच, म्हणतात.
बादली नव्हती नोंदीत.

अर्ज फेटाळला.
दोन शब्दांना मला दोन सेकंद लागले,
एरवी लागत नाहीत.

मग न्यायाधीशबाईंनी घड्याळ पाहिलं, चष्मा काढला.
पुढचे वकील बर्फात अडकलेत, म्हणाल्या,
सहा मिनिटं आहेत. बोला हवं तर.

वाटलं, आता रडणं होईल.
पण सारूनबाई पडद्याजवळ गेल्या, बोट वर केलं
आणि रस्ता सांगू लागल्या.
बेचाळीस वर्षं ज्या गावाचं नाव त्यांनी घरात काढलं नव्हतं,
त्या गावचा रस्ता.
बाट्टंबांगला उतर. बस पुलाशी सोड.
कालव्याच्या काठाकाठाने चाल, ऊन पाठीवर राहील असा.
चिंचेची तीन झाडं लागतील.
मीठ विकणारीचं घर. ती नसेल.
मुलगी असेल तिची. नसेलच.
उंबरा तरी असेल.
मी मागोमाग. चिंचेला चिंच, उंबऱ्याला उंबरा.
मग विहीर, त्या म्हणाल्या.
विहीर, मी म्हणाले.

आणि त्या थांबल्या.

मी चौदा वर्षं हे काम करते.
गप्प राहण्याचं भाषांतर कसं करायचं
हे कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं.
माझ्या आईच्या गावातही एक विहीर होती.
तिचं पाणी नंतर कुणी प्यायलं नाही.
पण ते पदरचं झालं.

पडद्यावर तो वाट पाहत होता.
हातात पेन नव्हतं,
बोटाने मांडीवर रेघा ओढत होता,
पूल, कालवा, तीन टिंबं.
ओठ हलले. मग आवाज आला:
विहिरीनंतर डावीकडे की उजवीकडे?

मी सारूनबाईंकडे वळले
आणि त्याचा प्रश्न
जसाच्या तसा
त्यांच्या भाषेत ठेवला.