एकशे अठ्ठावीस

क्लाक्सविक मागे पडलं तेव्हा
ब्रांदुरच्या फोनवर आकडा होता : एकशे अठ्ठावीस.
लिवच्या पायातला मोजा पाठवतो तो,
बोटाएवढ्या पावलावरून.
मग रेंज गेली. आकडा तिथेच थिजला.

रात्रभर कॉड साफ करताना
तो हातमोजा काढायचा,
काचेवरचे खवले पुसून बघायचा.
एकशे अठ्ठावीस.
मी म्हटलं, अरे, शिळा आहे तो.
म्हणाला, शिळा तर शिळा.

माझ्या वेळी आम्ही निघालो
की घर मिटायचं पाठीमागे, पेटीसारखं.
धक्क्याला लागल्यावरच कळायचं
आत कोण आहे, कोण नाही.
ते बरं होतं, असं नाही म्हणत.

पहाटे बेटाची कड दिसली, फोन थरथरला.
शून्य.
ब्रांदुर काही बोलला नाही.
सुरी खाली ठेवली, नीट,
पात्याची धार भिंतीकडे करून.

अकरा मिनिटांनी सुन्वाचा निरोप :
मोजा धुवायला टाकलाय, शी लागली होती.
ती झोपलीय ढाराढूर.

तो हसला. मग कठड्याशी जाऊन
भडभडून ओकला.
बारा वर्षं झाली त्याला बोटीवर,
आणि पाणी तर
ताटात वाढल्यासारखं सपाट.