पापुद्रा

पारितोषिकाचं पत्र आलं तेव्हा
शारजात बाहेर सत्तेचाळीस अंश,
आमच्या नळकांड्यात चार केल्विन.

माझ्या आडनावात एक अक्षर कमी,
आणि लांबलचक वाक्य:
दोन अणूंएवढ्या जाड पापुद्र्यातला
मंद उजेड ओळखल्याबद्दल.

परकार हेलियमची टाकी ढकलत होता.
त्याला वाचून दाखवलं.
"म्हणजे आपण चिकटपट्टीने सोललेला?"
तोच.
दापोलीचा माणूस. नख न लावता,
श्वास धरून कसं सोलायचं
ते मला त्याने कांद्यावर शिकवलं.

एकवीस रात्री प्रकाश मोजत बसलो,
एकेक कण.
तो टाकीआडून विचारी, "गावलं काय?"
मी म्हणे, मिनिटाला सात.
सातालाही तो चहा टाकी.

उत्तरात मी त्याचं नाव घातलं.
कार्यालयाने कळवलं,
अर्जात तंत्रज्ञांचा रकाना नाही.
हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

रात्री दार ढकललं
तर खाडीवरून दमट वाफ,
दोघांचे चष्मे एकदम पांढरे.
पलीकडचे दिवे नुसते डाग.
उभे राहिलो तसेच, आंधळे.

परकारने शर्टाच्या टोकाने
आपला चष्मा पुसला,
मग माझ्यासाठी हात पुढे केला.