दातांचा डॉक्टर

पथारीवर सगळ्यांचेच डोळे गळतात.
तीन एकर लाल मिरची, मार्गशीर्षातलं ऊन,
देठं खुडणाऱ्या चाळीस बाया, नाकावर फडकं –
तिथे रडणारी बाई ओळखायची कशी?

सुपडाबाईला मी ओळखलं ते अमावस्येला.
पथारी बंद. ती ओट्यावर बसलेली,
हात राखेनं घासून धुतलेले,
आणि डोळे तरीही गळत होते.

माझ्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, वजनकाटा,
आणि एक नवा फॉर्म. नऊ प्रश्न.
‘गेल्या दोन आठवड्यांत आपणांस
उदास, निराश वा हताश वाटले काय?’
“हताश म्हंजे काय वो, ताई?”
मीही अडले.
हा शब्द मला तालुक्याच्या प्रशिक्षणात
चहा-बिस्किटांसोबत मिळाला होता,
आमच्या गल्लीत त्याची कुणाशी ओळख नव्हती.

फॉर्म पालथा ठेवला. विचारलं,
“जीव लागस का?”

“नही वो बहीन.
भाजीमा मीठ टाकं का नही, याद ऱ्हास नही.
रातले दोनले उठस. कोंबड्या मोजस.
बारा शेतस. तरी मोजस.”

फॉर्मात कोंबड्यांचा रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं : बारा.

डॉक्टर मंगळवारी बसतात, नंदुरबारला,
चौदा नंबरच्या खोलीत. जायचं तर
सात दहाची एसटी आणि एक दिवसाची मजुरी.
दारावर पाटी : मनोविकार.
गावात त्या खोलीला काय म्हणतात
ते मी इथे लिहीत नाही.
पण पंधरा नंबरला दात बघतात.
मग आमचं ठरलं : दात.

पहिल्या मंगळवारी डॉक्टर रजेवर.
दुसऱ्या मंगळवारी भेटला,
लातूरकडचा पोरगा, अहिराणी कळेना.
मी मध्ये बसून एकेक वाक्य उचलून देत होते.
त्यानं विचारलं, “तेरावी कोण?”
ती बोलत राहिली, बोलत राहिली.
काही वाक्यं मी त्याला दिलीच नाहीत.
त्याला कळलं असावं. त्यानं पेन खाली ठेवला.

रात्री अर्धी गोळी, पांढरी.
संक्रांतीला दवाखान्यातला साठा संपला,
सतरा दिवस. त्या सतरा दिवसांची गोळी
मेडिकलमधून आणली. कुणाच्या पैशानं
ते रजिस्टरात नाही.

बरी झाली, असं म्हणणार नाही.
भाजीत आता मीठ दोनदा पडतं.
कोंबड्या मोजते, पण सकाळी, दाणे टाकताना.

आता सात दहाच्या गाडीत
बेबाबाई असते, यमू असते, सरपंचाची सून असते,
चौघी गालाला हात लावून.
कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणतो,
“तुमना गावनं पानीच खराब शे,
सर्वास्ना दात किडी ऱ्हायनात.”
सुपडाबाई पदरात तोंड घालून हसते,
दात दिसू नयेत म्हणून.

होळीच्या आधी, पथारी आवरताना,
मुकादम धुडकूभाऊ माझ्या मागेमागे आला.
आधी काट्याचं बोलला, मग नातवाच्या लसीचं,
मग उगाच गोणी शिवायचा दाभण हातात फिरवत राहिला.
शेवटी गालाला हात लावला.

“ताई, माणूससना बी दात देखतस का तठे?”

“देखतस ना, भाऊ.
मंगयवारले. सात दहानी गाडी.”