नंबर नसलेला गुलाब

नानांनी छत्तीस वर्षं नोटा तपासल्या,
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली.
शाई फुटलेली, कड सरकलेली, आकडा चुकलेला
असा कागद दिसला की बाजूला.
घरी पापड वाढला तरी आधी उजेडाला धरायचे.

मोतीबिंदू काढल्याला आज नववा दिवस.
काळा चष्मा, मफलर, आणि हट्ट:
पहिल्यांदा काहीतरी रंगाचं बघायचंय, टीव्ही नको.
म्हणून ही महापालिकेची गुलाबबाग.
तिकीट दहा रुपये, ज्येष्ठांना पाच,
कारंजं बंद.

चष्मा नाकावर उतरवून
ते वाफ्यावाफ्याने निघाले.
"हा बघ, कड जळलीय.
ह्याला मावा. ह्याचं मधलं वर्तुळच सरकलंय."
पहिल्या रांगेत एकही पास झाला नाही.
दुसरीत ते गप्प झाले.
तिसरीत एका पिवळ्यापाशी थांबले,
केशरी शिंतोडे उडालेला,
सरळसरळ छपाईतली चूक,
आणि बराच वेळ हललेच नाहीत.

पाटी गंजलेली. नाव गेलेलं, आकडाही.
"नंबर नाही ह्याला," मला म्हणाले, हळूच,
कुणी ऐकलं तर उपटून नेईल अशा बेताने.

"वास आहे का गं?"
त्यांचं नाक शाईनं कधीच नेलं होतं.
मी वाकले.
कधीकाळी गुलशनाबाद म्हणायचे ह्या गावाला,
आणि ह्या फुलाला वास नव्हता.
"आहे," म्हटलं. "थोडासा."
त्यांनी ते उजेडाला धरलं नाही.

पलीकडे गांगुर्डे माळी उकिडवे बसून
रानगुलाबाच्या खुंटांवर डोळे भरत होते:
सालीला काप, आत डोळा, वर प्लास्टिकची पट्टी.
"मग काय जपावं लागतं?" नानांनी विचारलं.
"काही नाही, बाबा. धक्का लागू द्यायचा नाही.
वरून पाणी नको. ऊन बेताचं.
तीन आठवडे पट्टीला हात लावायचा नाही,
आणि उघडून बघायची घाई तर मुळीच नाही."

नानांनी माझ्याकडे वळून पाहिलं,
मीच त्याला पढवून ठेवलंय असं.

चार वाजले. ड्रॉप्सची वेळ.
बाकावर बसवून मी पापणी धरली,
"मान वर," म्हटलं, "हलू नका,"
तर मान तिसऱ्या रांगेकडे,
आणि थेंब गालावर.