चिंता, नागनाथ

टेबलावर टॉवेल पसरतो. काचेखाली ट्यूबलाइट.
उजेडात सगळं दिसतं:
सुटलेला फास, तुटलेला ताणा,
तेलाचा डाग, तिळाएवढा.
खडूची खूण करतो, डावीकडं टाकतो.
डावीकडची थप्पी सेकंड. किलोवर जाते.
बारा वर्षं झाली. बोटांना
डोळ्यांच्या आधी कळतं.

मधल्या काही महिन्यांत
चांगला मालही डावीकडं जायला लागला.
हिरेमठ म्हणाले, नागनाथ, हा कुठं खराब आहे?
उजेडात धरून बघत राहिलो.
मला दिसत होतं. दाखवता येत नव्हतं.

ऑर्डर नाही म्हणून सोमवारी बंद,
मग मंगळवारीही.
गेटवरच्या पाटीवर कुणीतरी रोज वार पुसतं, रोज लिहितं.
अठरा माग थांबलेत.
थांबलेल्या मागाचा आवाज मोठा असतो,
अक्कलकोट रोडवरून निघतो,
रात्री घरकुलातल्या पत्र्यावर येऊन बसतो.
मालक कुणाला काढत नाहीत.
बघू पुढच्या महिन्यात, म्हणतात,
प्रेमानं, चहा पाजून.
काढलं असतं तर निदान झोपलो असतो.

तीनला जाग येते.
नळाची पाळी पाचव्या दिवशी.
माझ्या भीतीला पाळी नाही,
रोज येते, फुल प्रेशरनं,
आणि भरून ठेवायला भांडं नाही.

अनसूया तेव्हापासूनच सुपात पानं घेऊन बसलेली.
तिच्या हजारातून विडी कारखान्यातला चेकर
मूठभर छाट काढतो, पैसे कापतो.
त्यालाही पोट आहे, ती म्हणते.
मी म्हणत नाही की तो मीच आहे.
गोळ्यांची पट्टी मी शेंगाचटणीच्या
रिकाम्या डब्यात लपवलीय.
शेवटच्या दोन उरल्या त्या दिवशी
तिनं काही न विचारता
गुरुवारची भाकरी बुधवारीच थापून ठेवली.

गुरुवारी सिव्हिल. अर्ध्या दिवसाची सुट्टी.
कारण: दात.
चैत्रापासून दातच.
किती राहिलेत रे, हिरेमठ विचारतात.

बाकावर पंचवीस-तीस माणसं.
वॉर्डबॉय दारातून ओरडतो,
चिंता! चिंता कोण?
बाक हसतो.
सगळ्यांनाच आहे बाबा, एक म्हातारा म्हणतो,
कुणाला हाक मारतोस?
आडनाव आहे हो.
आमच्या तेलुगूत चिंता म्हणजे चिंच.
कुणा पणजोबाच्या दारात झाड असेल,
ते माग घेऊन इकडं आले, झाड तिकडंच राहिलं.
आंबट तेवढं नावात आलं.

डॉक्टरीणबाई लहान आहे, माझ्या पुतणीएवढी.
झोप? भूक? जीव नकोसा होतो?
रेशनकार्ड तपासल्यासारखं विचारते.
एकदा म्हणालो,
तलावाकडच्या रस्त्यानं हल्ली सायकल नेत नाही.
तिनं पेन खाली ठेवलं.
सांगितलंत, बरं केलंत, म्हणाली.
बाहेर नंबर ओरडत होते,
तरी पेन उचललं नाही तिनं, बराच वेळ.

आणि या आठवड्यात खरंच दाढ ठणकली.
गाल सुजवून हिरेमठांपुढं उभा राहिलो.
तोंडून भलतंच निघालं:
साहेब, इतके दिवस दात नव्हता. डोकं होतं.
आज दात आहे.

आत एकच माग चालू होता. त्याचे पाच-सहा ठोके पडले.
हिरेमठ बघत होते,
माझ्याकडं की मागच्या कॅलेंडरकडं, कळलं नाही.
मग रजिस्टर ओढलं. लिहिलं: दात.
पुढच्या चारही गुरुवारांसमोर,
आगाऊच:
दात. दात. दात. दात.

एवढंच लिहितोय, म्हणाले.
त्यापुढचं
मला माझंच माहीत नाही.

गालात लवंग धरून टेबलाशी आलो.
ट्यूबलाइट लावली.