पाचपैकी किती

कॉलेजची पोरगी आली, कागदांचा गठ्ठा घेऊन.
मामा, म्हणाली, एक ते पाचमधला आकडा सांगायचा:
'हे गाव माझाच एक भाग आहे, असं मला वाटतं.'
माग बंद केला. खटाखटीत तिचं नीट ऐकू येईना.

वडगावातच जन्मलो. गावाबाहेर काढलेल्या रात्री
दोन हातांच्या बोटांवर मावतील,
त्याही निपाणीच्या सोयरिकीच्या, गोकाकच्या मयतीच्या.
पाच लिही, म्हटलं. आणि हात पुढं केले:
बघ नखांखाली, चाळीस वर्षांचा जांभळा.
गाव माझा भाग कसला, बाई,
मीच गावाला लागलेला डाग, न निघणारा.

ती हसली. पाच लिहिलं.
'रंगाचं पाणी कुठं सोडता?'

तिच्यासाठी चहा सांगितला.
चहाला उशीर झाला, मला तो हवाच होता.

लहानपणी आम्ही पोरं बळ्ळारी नाल्यावर पैज लावायचो.
हिरवं आलं की लोकऱ्यांकडं लग्नाची लुगडी,
लाल आलं की तेरदाळांकडं.
कुणाचा धंदा बसला तेही आधी नाल्याला कळायचं.
मला तो रंग आवडायचा.
अजून आवडतो. खोटं कशाला बोलू?

येळ्ळूरच्या वाटेला, नाल्याच्या खालच्या अंगाला
यल्लव्वाचा दीड एकर.
गेल्याच्या गेल्या साली ती दारात येऊन उभी राहिली.
भांडली नाही. पदराची गाठ सोडली,
मूठभर शिजलेला भात पुढं धरला:
वास घे बघू.

आमच्या शिवारातली बासमती चुलीवर चढली
की गल्लीच्या तोंडाशी भूक लागायची.
पोटात बोलावणं यायचं, आईनं हाक मारायच्या आधी.
मी वास घेतला.
परत घेतला.
काहीच नाही. भिजून वाळलेल्या कागदासारखं काहीतरी.
'माझं न्हवं रे हे,' म्हणाली, 'तुझंच आहे.'
आणि भात तिथंच, मागाच्या दांडीवर ठेवून गेली.

परसातली अबोली उपटली. तीन हौद खोदले:
एकात चुना, एकात कोळसा, एकात वाळू.
भाऊ म्हणाला, गावाचा मक्ता घेतलास काय?
बायको आठवडाभर बोलली नाही, अबोलीपायी.
पाणी आता निघतं ते ताकाच्या निवळीसारखं.
नाल्याला काही फरक पडला? विचारू नकोस.
वर अजून साठ माग आहेत.

आणि हे पण लिही:
दिवाळीच्या ऑर्डरीत दोन रात्री
मी मोरी उघडी सोडली. मुद्दाम.
गाव तेव्हाही पाचच होतं.

'मामा, ह्याला रकाना नाही.'

चहा झाला. ती गेली.
धोटा दोनदा इकडून तिकडं गेला नसेल,
मी उठलो, चप्पल न घालता
गल्लीच्या टोकापर्यंत गेलो:
पोरी, थांब जरा,
तो पहिला पाच
पेन्सिलीनं लिहिलायस न्हवं?